सुबाभळीच्या पिंपातलं पाणी

सर,

तुमची ती वही माझ्याकडे आहे. हिरव्या कापडी पुठ्ठ्याची, दोन पिंपांची. तुम्ही गेल्यावर काकूंनी ती मला दिली, "अक्षर तुझंच आहे, तूच ठेव" म्हणाल्या, आणि मला नको म्हणता आलं नाही. तेव्हापासून ती कपाटात साड्यांच्या खाली आहे, आणि तेव्हापासून मी साड्या फारशा नेसत नाही. उद्या सोमवार. उद्या त्या वहीबद्दल लोकांसमोर बोलायचं आहे, आणि जे बोलायचं ते आधी तुम्हाला सांगायला हवं होतं. तुम्ही होतात तेव्हा. ते राहिलं.

कॉलेजच्या मागच्या अंगणात, पत्र्याच्या छपराखाली तुम्ही दोन पिंपं ठेवली होती. एकात माळावरून मातीसकट उचलून आणलेलं कुसळीचं गवत, दुसऱ्यात सुबाभळीचं कमरेएवढं रोप. दर शनिवारी पिंपं साखळीने काट्याला टांगायची, वजन जितकं घटलं असेल तितकं पाणी मापाने घालायचं आणि ते वहीत लिहायचं. ज्याला जास्त घालावं लागलं, तो आठवड्यात जास्त प्यायला. इतका साधा हिशोब. हडपसरच्या पलीकडच्या माळावर झाडं लावायची टूम निघाली होती, आणि तुम्ही एकटे सांगत होतात की बाबांनो, हा माळ उजाड झालेला नाही, तो असाच असतो. गवत उन्हाळ्यात झोपतं, झाडं झोपणार नाहीत, ती पीत राहतील आणि खालच्या वाडीचा झरा आटेल. पण नुसतं म्हणून भागत नाही, मोजून दाखवावं लागतं, हेही तुमचंच. पहिल्या शनिवारी मी आकडा पेन्सिलीने लिहिला, तर तुम्ही सगळ्यांदेखत वही माझ्यापुढे सरकवलीत. "पेन्सिलीने तो लिहितो, ज्याला उद्या शब्द फिरवायचा असतो. इथे शाई." आवाज चढवला नाहीत, तुम्ही कधीच चढवत नसायचात, म्हणून तर जास्त लागायचं. स्वारगेटला बस येईपर्यंत मी रडून घेतलं.

त्या वर्षीचा मे महिना आहे. सगळे गावी गेलेत, मी मात्र रोज दुपारी अंगणात डोकावते, कुणी सांगितलेलं नसताना. सुबाभळीची पानं मिटून लोंबताहेत. कुसळी तर पार मेल्यासारखी पिवळी. माझ्या बाटलीत डब्यानंतरचं पाणी उरलेलं आहे. आमच्या आईचा घरात एक नियम होता, उरलेलं पाणी फेकायचं नाही, झाडाला घालायचं. सांडलेलं दिसलं तर ती जेवताना दोनदा ऐकवायची. मी बाटली सुबाभळीच्या बुडाशी रिकामी केली. दुसऱ्या दिवशीही केली. मग बाटली मुद्दाम भरून नेऊ लागले. कुसळीला एक थेंब घातला नाही. गवताला कोण पाणी घालतं? सुबाभूळ उन्हात पानं मिटते ती स्वतःला सांभाळायला, पाणी मागायला नव्हे, हे मी पुढे शिकले, आणि तेही तुमच्याच तासाला.

वहीतला एकही आकडा खोटा नाही, सर. शनिवारी मापाने जेवढं घातलं तेवढंच लिहिलं. मधल्या दिवसांचं पाणी माझ्या बाटलीतून जात होतं, म्हणून शनिवारी त्या झाडाला थोडंच लागायचं. शेऱ्याचा रकाना होता. तो कोरा राहिला.

जूनमध्ये तुम्ही बेरजा केल्यात. झाड आणि गवत, जवळजवळ सारखं. तुम्ही चष्मा काढून बराच वेळ त्या पानाकडे बघत बसलात आणि म्हणालात, "पाणी गेलं कुठं?" मग माझ्याकडे वळून विचारलंत, मधे कुणी पाणी घातलं होतं का. मला त्या क्षणी सगळं कळलं. आणि मी म्हणाले, "नाही, सर."

महिन्याभराने झाडं लावण्याबद्दलची बैठक झाली. मी वही मांडीवर घेऊन मागच्या रांगेत बसले होते. तुम्ही उभे राहिलात आणि ज्यांच्याशी वर्षभर भांडलात त्यांना सांगितलंत, की मी चुकलो होतो, मोजल्यावर फरक निघत नाही. कुणी हसलं नाही, उलट टाळ्या वाजल्या. पावसाळ्यात माळावर खड्डे खणले गेले. बाहेर पडताना तुम्ही खिशातलं पेन काढून मला दिलंत, तुमचं रोजचं, शाईचं. "तू मोजलंस म्हणून वाचलो. नाहीतर जन्मभर खोटं बोलत राहिलो असतो." मी ते घेतलं. लाज वाटून का होईना परत करायला हवं होतं, पण घेतलं.

आता मी त्याच माळावर काम करते. दोन मनोरे आहेत, एक तुमच्या डोळ्यांदेखत लावलेल्या झाडांत, एक उरल्यासुरल्या गवतात. पिंपं नाहीत, काटा नाही. वर बसवलेली यंत्रं वाऱ्याच्या प्रत्येक झुळकेतून किती कार्बन खाली आला, किती वाफ वर गेली, किती ऊब सुटली ते टिपत राहतात. झाडं कार्बन जास्त ओढतात, हे खरं आहे, आणि ते मी सांगणारच. गवत आपला वाटा मुळांत पुरून ठेवतं, तो वरून दिसत नाही. पण फाल्गुनानंतर गवत दार लावून घेतं. ऊन येतं, माती तापते, ऊब हवेत परत जाते, पाणी खाली जागच्या जागी राहतं. झाडं तेच ऊन खर्चून खोलवरचं पाणी उपसतात. तुम्ही म्हणाला होतात ते शब्द न् शब्द. वाडीतल्या म्हाताऱ्या धनगरबाबांना मी झऱ्याचं विचारलं, तर ते म्हणाले, "हाय की झरा. नकाशात हाय." शेळ्यांना आता टँकरचं पाणी पाजतात ते.

मनोऱ्याच्या ताणाच्या तारा वारा सुटला की कुरकुरतात, अगदी काट्याच्या साखळीसारख्या. तो आवाज आला की मी मागे वळून बघते. दरवेळी. माझ्याबरोबरच्या लोकांना वाटतं बाई लांडग्याला घाबरतात. लांडगा परवडला. शेवटच्या दिवसांत तुम्ही वारज्याच्या घरी अंथरुणावर होतात, मी पेल्यातून चमच्याने पाणी पाजत होते, आणि तुम्ही मध्येच म्हणालात, "त्या पिंपाचं मला अजून कळलेलं नाही गं." मी तुमचे ओठ पुसले. काकू शेजारच्याच खोलीत होत्या, बोलायला काही अडचण नव्हती. तुम्ही उत्तराची वाट बघत होतात असं मला तेव्हाही वाटलं.

उरलेल्या गवतावरही आता झाडं लावायची आहेत. उद्याच्या बैठकीच्या कागदांत सगळ्यात वर पिंपांच्या मोजणीचा तुमचा तेव्हाचा अहवाल जोडलाय. माळासाठी भांडणाऱ्या माणसानेच कबूल केलं होतं, हा झाडं लावणाऱ्यांचा हुकमाचा पत्ता. माझे मनोरे अलीकडचे, तुमचं नाव जुनं आणि स्वच्छ. माझ्या आलेखांपुढे तेच जिंकणार. ते खोडायचं तर एकच वाक्य बोलावं लागेल, आणि ते वाक्य माझ्याबद्दलचं आहे.

आज दुपारी वही काढली. मे महिन्याचं पान उघडलं आणि शेऱ्याच्या कोऱ्या रकान्यात लिहिलं, "मधल्या दिवसांत सुबाभळीला रोज बाटलीभर पाणी घातलं." खाली सही केली. तुमचं पेन शेजारीच होतं, सकाळी धुऊन शाई भरून ठेवलेलं.

पेन्सिलीने लिहिलंय, सर.