सात वर्षांची सीट

शुक्रवार, १४ मार्च
५२! शंभरपैकी बावन्न. ऑरगॅनिक केमिस्ट्रीने माझं वाटोळं केलं.

नियम तोंडपाठ आहे. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी सायन्सच्या एका जरी विषयात बी-च्या खाली गेलीस की सीट गेली. बारावी झाल्या झाल्या मिळालेली सीट — तीन वर्षं कॉलेज, चार वर्षं मेडिकल, मध्ये प्रवेशपरीक्षा नाही, दुसरीकडे अर्ज करायचा नाही. सही केली तेव्हा सतरा वर्षांची होते. सतरा वर्षांच्या मुलीला गाडी भाड्याने देत नाहीत, पण डॉक्टर होणार असं लिहून घेतात.

घरी सांगितलेलं नाही.

शनिवार, १५ मार्च
आज प्रार्थना आमच्या घरी. निम्मं चर्च आमच्या बैठकीत. शेवटचं आमेन होतंय तोवर थॉमसकुट्टी अंकलनी शुगरचा रिपोर्ट माझ्या मांडीवर ठेवला. "डॉक्टर मोळे, बघ जरा." मोळे म्हणजे पोरी. पण 'डॉक्टर' आधी! दोन वर्षं झाली, लिया हे नाव कोणी घेतच नाही. त्यांच्यामागे एलियम्मा आंटी, डोळ्यात पाणी येतं म्हणून. रांगच लागली.

मी काय सांगते? फोनवर वाचलेलं, जरा मान हलवत. आणि अम्मा — चोवीस वर्षं आयसीयूत नर्स — स्वयंपाकघरात कप्पा, टॅपिओकाचे कंद, परतत होती. तिला कोणीच विचारत नाही.

अप्पा पाहुण्यांना म्हणत होते, "नऊशे पोरांतून अकरा घेतली, अकरा!" पोस्टातल्या त्यांच्या सगळ्या साहेबांनाही हा आकडा पाठ आहे. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

गुरुवार, १० एप्रिल
दुसरा पेपर ६३. बी मिळवायला आता फायनलमध्ये ८१ हवेत. ८१!

रविवार, २० एप्रिल
ईस्टर. अप्पम, मटण स्ट्यू, आणि फादरनी वेदीवरून "आपल्या होणाऱ्या डॉक्टर"साठी केलेली खास प्रार्थना. सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटलं. खरंच वाटलं.

शनिवार, ३ मे
फायनल बुधवारी. पुस्तक घेऊन खोलीत बसले होते तर बेबीच्चन अंकल आले. अप्पांचे मावसभाऊ. कालच देशातून, कोट्टयमहून परतले, वीस तासांचा विमानप्रवास. केळ्याचे वेफर, लोणचं, आणि डावी पोटरी धरून — "डॉक्टर मोळे, पाय धरलाय बघ. विमानात आखडला."

जरा सुजली होती. गरमही लागली. माझं सगळं लक्ष वर खोलीत अर्धा राहिलेल्या धड्याकडे. म्हटलं, "आखडलंय अंकल. तेल लावून चांगलं चोळा, गरम पाण्याने शेका." त्यांनी पिशवीतून धन्वंतरम तेलाची बाटलीच काढून दाखवली. "बघ! मला माहीतच होतं तू हेच म्हणणार." खुशीत गेले. दोन मिनिटं लागली असतील.

अम्मा सलग दोन ड्यूट्यांवर. उद्या सकाळी येईल.

सोमवार, ५ मे
बेबीच्चन अंकल आयसीयूत. सकाळी अंघोळीहून आले आणि श्वासच घेता येईना. पायातली रक्ताची गुठळी सुटून फुप्फुसात गेली.

फोनवर शोधलं. पहिल्याच पानावर लिहिलंय — अशी पोटरी चोळू नये. पहिल्याच!

दिवसभर त्यांच्याजवळ बसले. अंकलच्या बायको सूसम्मा आंटी माझे हात हातात घेऊन सगळ्यांना सांगत होत्या, "दोन दिवस चोळलं म्हणून इतकं तरी निभावलं. आमची डॉक्टर नसती तर?" मी त्यांना अडवलं नाही.

मंगळवार, ६ मे
अंकलना धोका नाही. नळ्या लावल्यात, पण अच्चारू हॉटेलातला बीफ फ्राय आणा म्हणतायत.

परत येताना गाडीत अम्मा आणि मी. तिने विचारलं, "तेल तू सांगितलंस?"

"हो."

"गरम लागत होती पोटरी?"

"हो."

तिने सिग्नलला गाडी थांबवली. ओरडेल वाटलं. म्हणाली, "दर रविवारी मी सगळ्यांना फोन करते. तू काय सांगितलंस ते विचारून घेते. मग म्हणते, लियाने निरोप दिलाय, ती गोळी जेवणाआधी घ्या. लियाने सांगितलंय, डोळ्याच्या डॉक्टरकडे जा."

"तू म्हणालीस असं का नाही सांगत?"

"माझं ऐकतात होय? मी नर्स, तू डॉक्टर." हसली जराशी. "या रविवारी झोप लागली गं मला. उठले तेव्हा अंधार पडला होता."

दोन वर्षं! दोन वर्षं लोक मला बरं वाटलं म्हणून सांगत आले, आणि मी मान हलवत राहिले. मी कोणालाच बरं केलेलं नाही. ती करत होती. आणि जी एक गोष्ट माझी एकटीची होती, ती या माणसाच्या जिवावर उठली. स्वतःची इतकी शिसारी मला कधीच आली नव्हती.

घरी येऊन तिने डाळ गरम केली.

बुधवार, ७ मे
पेपर दिला. तिसरा प्रश्न कोरा.

बुधवार, १४ मे
फायनलमध्ये ७४. विषयात सी प्लस. सीट गेली. हवं तर कॉलेजच्या समितीकडे एक पत्र लिहून दाद मागता येईल, म्हणे.

संपलं सगळं. आज घरी सांगावंच लागलं.

गुरुवार, १५ मे
अप्पा रात्रभर झोपले नाहीत. सकाळी माझ्यासमोर कागद ठेवला. "बेबीच्चनचं लिही. काका आयसीयूत होते, मी उशाशी बसले, अभ्यास झाला नाही. पाझर फुटेल त्यांना."

"अप्पा, त्याआधीच मी नापास होत होते."

"तू बसली होतीस की नव्हतीस? मग खोटं कुठे आहे यात?" पेन माझ्या हातात दिलं. "मी चर्चमध्ये कुठल्या तोंडाने जाऊ, लिया?"

लिया म्हणाले. दोन वर्षांनी.

अम्मा भांडी घासत होती. वळलीसुद्धा नाही.

रविवार, १८ मे
लिहिलं. दोन दिवस उशाशी बसले, ते लिहिलं. तेलाचं नाही लिहिलं. प्रत्येक वाक्य खरं आहे आणि पत्र खोटं आहे. पाठवलं. इतकी घाबरले होते की लाज वाटायलाही उसंत नव्हती.

सोमवार, २६ मे
समितीकडून अजून काही नाही. जेवण जात नाही. बेबीच्चन अंकल हॉस्पिटलमधून घरी गेले, काठी घेऊन चालतात. फोनवर विचारत होते, "डॉक्टर मोळे, आता तेल चालू ठेवू का?" मी किंचाळले — नको! मग रडत फोन अम्माला दिला.

शुक्रवार, ३० मे
सीट परत मिळाली. समितीने लिहिलंय — आजारी नातेवाइकाची आपण केलेली सोबत आम्हाला विशेष भावली. रुग्णाविषयीची हीच कळकळ आम्ही विद्यार्थ्यांमध्ये शोधतो. अप्पा बाहेर एकेकाला फोन करतायत, मध्येच रडतायत.

मी त्याच पत्राला उत्तर लिहिलं. अंकलना पाय चोळायला मीच सांगितलं होतं, हे लिहिलं. अम्माला दाखवलं. तिने चष्मा लावून सावकाश वाचलं. म्हणाली, "नुसतं पाय नको. डावी पोटरी लिही. सुजलेली आणि गरम होती, तेही."

लिहिलं. पाठवलं.