पोत्यावरची बोलणी

किशनमामांना,
मोंढ्यातल्या महादेवप्पांच्या संगमेशचा नमस्कार.

हे पत्र टाकायची हिंमत होईल असं वाटत नाही, तरी लिहितोय. मी पायलट झालो तेव्हा लातूरच्या मोंढ्यात पेढे तुम्हीच वाटले होते. त्याची लाज आत्ता वाटून राहिली आहे.

हमालीचे दर ठरवायला आप्पा दरवर्षी आमच्या धान्याच्या दुकानातल्या गादीवरून उतरून तुमच्याशेजारी पोत्यावर बसायचे. मी कॉलेजात गेलो त्या वर्षी कायद्याचं पुस्तक आणलं आणि त्यांना वाचून दाखवलं, की हमाल काही आपले नोकर न्हाईत, मग बोलणी कशाला? आप्पा गादीवरच बसून राहिले. तुम्ही टोळीचे मुकादम, पण एवढंच विचारलंत, "मग ही पोती कोण उचलून राहिलंय, मालक?" मी हसलो होतो.

परवा आम्ही आठ पायलट नव्या करारात विश्रांतीचे तास वाढवून मागायला कंपनीत गेलो. वकिलानं नवा कामगार कायदा उघडला. "पायलट म्हणजे अधिकारी. ते कामगारांत बसत नाहीत. तुमच्याशी बोलणी करायला कंपनी बांधील नाही."

बोलायचं माझ्याकडे होतं. आठवडाभर काढलेले मुद्दे हातातच राहिले आणि तोंडातून निघालं, "मग ही विमानं कोण उडवून राहिलंय, साहेब?"

वकील हसला, मामा. ते हसू मी लगेच ओळखलं.

तुमच्याशेजारी पोत्यावर बसायचं राहिलेला,
संगमेश