दारावरचा नळवाला

मिदोरीगाओका वसाहत, इमारत ७, घर ४०३
६ ऑक्टोबर २०१२

चि. तामोत्सु यास,
सेत्सुताईचे अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. खोकला गेला म्हणतोस, पण तुझं अक्षर अजून खोकतंय. मधात मुळा घालून घे, आळस करू नकोस. तुझी फुमिए असती तर तिनं वाटी समोर धरली असती. ती गेल्यापासून तुला दटावायला मीच उरले आहे, तेव्हा ऐक.

इकडची वाईट बातमी आधी सांगते. तळमजल्यावरच्या नागासेबाई ऑगस्टात वारल्याचं लिहिलं होतं. पण त्या गेल्याचं आम्हाला अकरा दिवसांनी कळलं, हे मी लिहिलं नव्हतं. लाज वाटली. ते अकरा दिवस मी रोज त्यांच्या दारावरून भाजीची पिशवी घेऊन वर चढत होते.

हे हिदेआकीच्या कानावर गेलं. तुला तुझा भाचा ठाऊक आहे, बोलायचा थोडा आणि करून मोकळा व्हायचा. योकोहामाजवळच्या एका वृद्धाश्रमात त्यानं माझ्यासाठी खोली धरूनसुद्धा ठेवली. खूप वाजलं आमचं. शेवटी तह झाला तो असा: नववर्षापर्यंत काही विपरीत घडलं नाही तर मी इथंच राहायचं, घडलं तर मुकाट्यानं बोचकं बांधायचं. तामोत्सु, मला जायचं नाही रे. चाळीस वर्षं ह्या चोपन्न पायऱ्या चढले, ह्याच घरात नवऱ्याचं आजारपण काढलं. तिथं खिडकीतून समुद्र दिसतो म्हणे. मला समुद्राशी काय करायचंय?

पण तुझी ताई हात जोडून बसणारी नव्हे. आमच्या टपालपेटीत नळदुरुस्तीवाल्यांची मॅग्नेटं येऊन पडतात, तुझ्याकडेही येत असतील. ‘पाणी तुंबलं? आम्ही आलोच!’ असं लिहिलेली. फेकवत नाहीत आणि फ्रिजवर आता जागा नाही. त्यात आमच्या नाक्यावरच्या कुरिबायाशीचं मॅग्नेट तळहाताएवढं आहे. निळी टोपी, हातात पाना आणि तोंडभर हसू. त्याच्या बायकोनंही त्याला इतकं हसताना पाहिलं नसेल. एकदा ते हातातून निसटलं आणि दाराला खाडकन चिकटलं. आमची दारं पोलादी. तिथंच डोक्यात आलं.

आता नियम असा केलाय. सकाळी नऊच्या आत नळवाला दाराबाहेर लावायचा आणि दिवेलागणीला आत घ्यायचा. साडेनऊला पाळीवाल्यानं जिन्यातून फेरी मारायची. दारावर नळवाला नसला तर घंटी वाजवायची, उत्तर नाही आलं तर फोन, फोनही उचलला नाही तर अग्निशामक दल. कुरिबायाशीला सांगितलं तर त्यानं साठ नवी मॅग्नेटं आणून दिली. त्याची फुकट जाहिरात होतेय, तो कशाला नाही म्हणेल? दोघी-तिघी विसरल्या तेव्हा मी त्यांना चांगलं फैलावर घेतलं. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं काढलेल्या बाईला वेळेचा घोळ खपत नाही.

फक्त शेजारचे ४०४मधले ओकितासान अडून बसलेत. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, जन्मभर आगगाडी चालवली. म्हणे, जिवंत असल्याची हजेरी लावायला ते काही शाळेत जात नाहीत. आणि तो नळवाला वापरून त्यांनी फ्रिजवर शेवयांच्या दुकानाचा कागद अडकवलाय! मीही म्हटलं, ठीक आहे, तुम्ही मेलात तर आम्ही वासावरून ओळखू. तेव्हापासून बोलणं बंद आहे.

यंदा झाडाला पर्सिमनची फळं किती लागलीत ते कळव. सुकवलेल्यांचा माझा डबा विसरू नकोस. तब्येतीला जप आणि ह्या भांडकुदळ बहिणीवर माया ठेव.

तुझी,
सेत्सुताई


ईदा
२३ ऑक्टोबर २०१२

ती. सेत्सुताईस,
तामोत्सुचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून पोटभर हसलो. बिचाऱ्या म्हाताऱ्यांना तू रांगेत उभं करून हजेरी घेत असशील, हे डोळ्यांपुढं आलं. लहानपणी आमचे कानसुद्धा धुतलेत की नाही ते तू शाळेच्या फाटकात तपासायचीस. ओकितासानांची मला दया येते. माझ्यातर्फे त्यांना सांग, सत्तर वर्षं झाली, मी अजून सुटलेलो नाही.

हिदेआकीवर फार रागावू नकोस. पोरगा घाबरलाय. घाबरलेला पुरुष आधी व्यवस्था करतो आणि मग विचारतो, आमच्या घरात सगळे असेच.

मॅग्नेटांचं म्हणशील तर आमच्याही फ्रिजवर आहेत. गॅसवाल्याचं एक, शेतकरी संघाचं पर्सिमनच्या आकाराचं एक, जनावरांच्या डॉक्टरचं एक. कुत्रा जाऊन सहा वर्षं झाली, पण डॉक्टर तसाच आहे. ह्या तिघांनी मिळून फुमिएच्या हातची यादी धरून ठेवलीय: तीळ, सुतळी, बल्ब दोन. मार्चमध्ये लिहिलेली. सामान मी आणलं नाही आणि यादी काढलीही नाही. रोज फ्रिजमधून दूध काढताना वाचतो.

पर्सिमन खूप लागलेत. पण यंदा मी ते उतरवणार नाही, ताई. सोलायला मी आणि बांधायला ती, अशी आमची वाटणी होती. एकट्यानं ते होत नाही आणि करावंसंही वाटत नाही. झाडावरच राहू देत, कावळ्यांची चंगळ होईल. तुझा डबा यंदा चुकेल, माफ कर. हल्ली बरीचशी कामं अशीच राहू देतो. दिवस मावळतो तो मावळतोच. काळजीचं काही नाही.

थंडी पडायला लागलीय, गुडघे झाकत जा. धाकट्यावरचा लोभ आटू देऊ नकोस.

तुझा,
तामोत्सु


मिदोरीगाओका वसाहत
११ नोव्हेंबर २०१२

चि. तामोत्सु,
अ. उ. आ.

तुझ्याकडून परत येऊन चार दिवस झाले. इथं काय झालं ते फोनवर धड बोलता आलं नाही. आता सगळं लिहिते. वाचून स्वतःला दोष देशील, तर देऊ नकोस.

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. ‘काळजीचं काही नाही’ ह्या एका वाक्यानं माझी झोप उडवली. आपल्या अंगणात पर्सिमनच्या माळा लटकल्या नाहीत असं बाबा गेले त्या वर्षीसुद्धा झालं नव्हतं. मग सहा तारखेला पहाटे उठले, दोन कपडे पिशवीत कोंबले आणि पहिल्या गाडीनं शिंजुकूला येऊन तुझ्याकडची बस धरली. कुणाला सांगितलं नाही. तुला तरी कुठं सांगितलं होतं? तू येऊ नकोस म्हणाला असतास. मोबाईल चार्जिंगला लावलेला तसाच घरी राहिला. आणि तामोत्सु, नऊ म्हणजे नऊ असं साऱ्या जिन्याला बजावणारी मी, नळवाला लावायलाच विसरले. तो आत फ्रिजवर हसत बसला होता.

साडेनऊला पाळी तिसऱ्या मजल्यावरच्या मोरिवाकीबाईंची होती. माझं दार कोरं! मी कधी विसरणारच नाही, अशी सगळ्यांची खात्री. त्यांनी घंटी वाजवली, दार बडवलं. मग फोन लावला, तर तो घरात वाजताना बाहेर ऐकू येतोय! झालं, बाईंनी जिन्यातच हंबरडा फोडला. अग्निशामक दलाला फोन गेला. हिदेआकीलाही कुणीतरी कळवलं.

पण बंब यायच्या आधीच ओकितासान त्यांच्या सज्ज्यात गेले. आमच्या दोन सज्ज्यांच्या मध्ये पातळ फळी असते ना, संकटात लाथ मारून फोडायची, ती त्यांनी फोडली. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी! तीन लाथा लागल्या म्हणतात. मग फुलझाडाची कुंडी उचलून माझ्या खिडकीची काच फोडली आणि आत शिरून प्रत्येक खोलीत, न्हाणीघरात, अगदी कपाटातसुद्धा मला शोधलं. घोटा मुरगळला त्यांचा. मी तेव्हा बसमध्ये भाताचा गोळा खात डोंगर बघत होते.

दुपारी तुझ्याकडे हिदेआकीचा फोन आला, तेव्हा माझ्या हातात पर्सिमन सोलायची सुरी होती, आठवतंय ना? पुढचं तुला ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी घरी पोचले तर तो माझ्या स्वयंपाकघरात बसलेला. काचा झाडून झाल्या होत्या, खिडकीला पुठ्ठा लावला होता. मला वाटलं, आता भडकेल. भडकला असता तर बरं झालं असतं, मीही चार शब्द बोलले असते. पण तो चहा प्यायला, माझ्याकडे पाहिलं, बूट घातले आणि निघून गेला. तेव्हापासून फोन नाही.

तह मीच मान्य केला होता. विपरीत घडलं आणि तेही माझ्याच हातून. कालपासून खोक्यांत सामान भरायला घेतलंय. ओकितासानांच्या पायाला शेक द्यायला गेले तर त्यांनी मला मूर्ख बाई म्हटलं आणि तोंड फिरवून डोळे पुसले. मला फार रडू आलं. इथून जायचं म्हणजे काय काय सोडायचं, ते मला तेव्हा कळलं.

माळा वाऱ्याला ठेव, पावसात आत घे. तुला सोलायला मदत केली त्याचा मला जराही पस्तावा नाही. असाच लोभ धर.

तुझी,
ताई


ईदा
१५ नोव्हेंबर २०१२

चि. हिदेआकी यास,
मामाचे अनेक आशीर्वाद.

मी तुला कधी पत्र लिहीत नाही, म्हणून दचकू नकोस, सगळे जिवंत आहोत. तुझ्या आईची चूक नव्हती हे सांगायला लिहितोय. चूक माझ्या पत्राची.

फुमिए गेल्यावर मी हळूहळू सगळंच सोडत चाललो होतो. त्या दिवशी तुझी आई न सांगता फाटकातून आत आली, कोट काढला आणि सुरी कुठं आहे म्हणून विचारलं. नमस्कार नाही, चमत्कार नाही. आम्ही दोघांनी चारशे पर्सिमन सोलले. ती बांधताना बडबडत होती, मी सुतळी नीट धरत नाही म्हणून शिव्या खात होतो आणि उलट उत्तरंही देत होतो. आठवड्याभरात मी मोठ्यानं बोललेले ते पहिले शब्द होते, पोरा.

तुमच्या तहात विपरीत हा शब्द आहे म्हणे. माझ्या मते त्या दिवशी माझ्या घरी काहीतरी विपरीत घडायचं टळलं. ते तुझ्या आईच्या खात्यावर धर. तरीही कुणाला आश्रमात धाडायचंच असेल तर मला धाड, मला समुद्र आवडतो. पण तिला तिच्या जिन्यावरून उठवू नकोस.

रागावला असशील तर माझ्यावर रागाव, पण उत्तर लिही. मामाला विसरू नकोस.

तुझा,
तामोत्सुमामा


तोक्यो
२५ नोव्हेंबर २०१२

ती. तामोत्सुमामांस,
हिदेआकीचा सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. मी रागावलो नव्हतो. मला काही बोलताच येत नव्हतं.

त्या दिवशी फोन आला तेव्हा मी बैठकीत होतो. टॅक्सीतून जाताना आईच्या अंत्यविधीला कुणाकुणाला कळवायचं ह्याचा विचार करत होतो, हे तुम्हाला सांगायला लाज वाटते, पण तेच खरं आहे. पोचलो तर जिन्यात पाय ठेवायला जागा नव्हती. चौदा म्हातारी माणसं. कुणी चादर आणलेली, कुणी गरम पाण्याची किटली. ते कुरिबायाशी दुकान बंद करून आलेले, हातात खरोखरचा पाना. ओकितासान जमिनीवर पाय धरून बसले होते. मला पाहताच त्यांनी झापलं. म्हणाले, तुमच्या आईला अर्धा तास उशीर झाला तर आम्ही भिंत फोडली, आणि तुम्ही पोटचा मुलगा, आत्ता उगवताय?

मामा, मी तिथूनच तुम्हाला फोन लावला. आई तुमच्याकडे सुखरूप आहे हे कळल्यावर सगळे हसायला लागले, एकमेकांना बोल लावायला लागले, मोरिवाकीबाईंनी तर मलाच लोणचं आणि भात वाढला. मी जेवलो आणि मग न्हाणीघरात जाऊन रडलो.

हे आईला मी कधी सांगितलं नव्हतं. फेब्रुवारीत मला तापानं गाठलं होतं. चार दिवस मी उठू शकलो नाही. माझं घर तेविसाव्या मजल्यावर आहे, घटस्फोटानंतर एकटाच राहतो. त्या चार दिवसांत माझी घंटी एकदाही वाजली नाही. ऑफिसात समजले, रजेवर असेन. पाचव्या दिवशी मी कामावर गेलो, तेव्हा कुणी विचारलंसुद्धा नाही. मी स्वतः असा राहतो आणि आईला काळजीपोटी त्या जिन्यातून उचलून नेणार होतो.

वृद्धाश्रमाची खोली मी त्याच आठवड्यात सोडली. नंतर आणखी एका कार्यालयात खेटे घालत होतो, म्हणून पत्राला उशीर झाला. आईच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक घर रिकामं आहे. त्याचा अर्ज काल मंजूर झाला. ऑफिस दीड तास लांब पडेल, पडू दे.

काल संध्याकाळी आईकडे गेलो. दारातच खोकी रचलेली होती, कपबशा वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. मी तिला अर्ज दाखवला आणि फेब्रुवारीचंही सांगितलं. मला वाटलं होतं, ती टोमणा मारील. ती खोक्यावर बसली आणि तिनं माझा हात धरला. मग म्हणाली, साऱ्या इमारतीत रोज कोण उठलंय, कोण नाही ते मी बघत होते, आणि माझं पोर चार दिवस पडून होतं ते मला कळलंच नाही रे.

मग आम्ही दोघांनी मिळून कपबशा बाहेर काढल्या. पुढच्या रविवारी मी तिथं राहायला येतोय. तुम्हीही या, मामा, माळा सुकल्या की.

आजवर तुम्हाला कधी लिहिलं नाही, पण आता लिहीन. माया असू द्या.

तुमचा भाचा,
हिदेआकी