जंतूंच्या खुनाचा आळ

आर्णी

ती. रत्नप्रभाताईस,

धाकट्या अनघाचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? केळापूरला कापसाची वेचणी लागली असेल. तू वावरात हिंडत नाहीस ना? फोनच केला असता, पण मी फोन घेतला की 'हे' पेपराआडून कान देतात.

ताई, मी भयंकर संतापलेय. निवृत्त झाल्यापासून ह्यांनी परसात गोबरगॅसची टाकी मांडलीय, तुला ठाऊकच आहे. शेण, भाजीचे देठ, शिळं वरण, सगळं तिच्या पोटात; आतले जंतू ते खातात आणि गॅस सोडतात. (इतक्या कौतुकानं ह्यांनी पोटच्या लेकाला, साकेतलाही कधी भरवलं नव्हतं.) जंतूंना लिंबाची सालं सोसत नाहीत हे ह्यांना पाठ, मला आंबट सोसत नाही हे चौतीस वर्षांत लक्षात राहिलं नाही. आणि त्या जंतूंपायी घरात फिनेलला बंदी! आठव आपलं कॉन्व्हेंट. शनिवारी सिस्टर वऱ्हांडा फिनेलनं पुसून घ्यायच्या. तो ओला, स्वच्छ वास आला की अजून मला दोन वेण्या घातल्यासारखं वाटतं.

तर गुरुवारी शेगडी पेटेना. टाकीच्या तोंडाशी फिनेलचा वास. ह्यांनी कसलीही चौकशी न करता हंसाबाईला धरलं. बारा वर्षं आपली भांडी घासणारी बाई! "माझे जंतू मारलेस, उद्यापासून येऊ नकोस." ती एवढंच म्हणाली, "साहेब, किड्यायसाठी माणसाले काढता?" आणि पदर खोचून निघून गेली. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांसाठी एका बाईच्या पोटावर पाय! दोन दिवस मी ह्यांच्याशी बोललेले नाही.

तुझी,
अनघा

ता. क. भाऊजी इकडे येणार आहेत ना, त्यांच्या जीपमधून तुमच्या गोबरगॅसमधलं चालू शेणपाणी दोन बादल्या पाठव. विरजणासारखं घातलं की टाकी पुन्हा धरते म्हणे. गुपचूप हं. शेगडी पेटली की हे हंसाबाईला आपणहून बोलावतील, आणि फिनेल मी ओतलं हे सांगायची वेळच येणार नाही. (अर्धीच बाटली. वास फार मारत होता गं.)

ता. क. दुसरा. आत्ता हंसाबाई मागल्या दारी येऊन गेली. तिनं मला ओतताना पाहिलं होतं! म्हणाली, "बाई, तुमी नका सांगू. मले साहेब एकडाव बोलले, तुमाले रोज बोलतीन." ताई, मग मला राहवलं नाही. ह्यांना सांगून टाकलं. हे पेपर ठेवून उठले. मग स्कूटरची किल्ली घेऊन हंसाबाईच्या घरी निघाले. फाटकातून वळून म्हणाले, "तिची माफी मी मागतो. जंतूंची तू माग."