परिवहन मंत्री आमच्या वाडीला येऊन गेले त्याची खरी हकीकत

मु. कारवीची वाडी, तळेघरच्या वर

आदरणीय भागुजीमामा यांना नवनाथचा मनापासून जय भीम.

तुमचा गुडघा आता कसा आहे? मामींची साखर ताब्यात आली का? (आली नसेल तर त्यांच्या चहात ती टाकतं कोण, हे एकदा घरात शोधून काढा.) राजुरीला कांद्याची लागण आटोपली असेल. आमच्याकडे भात बरा आहे, नाचणी ठीक आहे, माणसं चालून चालून काटक झाली आहेत. आईची, म्हणजे तुमच्या अक्काची तब्येत खणखणीत आहे. डोळ्यात मोतीबिंदू आहे, पण तोंडात काही दोष नाही, हे पुढे येईलच.

मामा, आमच्या वाडीत मंत्री येऊन गेल्याचं तुम्ही मोबाईलवर पाहिलं असेल. त्यात मंत्री हिरवा झेंडा दाखवतात आणि फुलांनी मढवलेली लाल गाडी निघते, एवढंच आहे. व्हिडिओ तिथंच का संपला, ते सांगण्यासाठी हे पत्र.

सुरुवातीला परिवहन मंत्री म्हणजे काय चीज आहे ते सांगतो, कारण गेली दोन वर्षं 'बस आणा कृती समिती'चा सचिव म्हणून मी याचा बराच अभ्यास केला आहे. गृहमंत्र्याला पोलीस असतात, अर्थमंत्र्याला तिजोरी असते. परिवहन मंत्र्याच्या वाट्याला येतात स्टँडवरचे बाक, दिवाळीची गर्दी आणि कामगारांचा संप. म्हणून ज्याला हे खातं मिळतं तो हार घालून घेताना हसतो, पण त्याची नजर दुसऱ्या खात्यावर असते. आमच्या आईला हा सगळा इतिहास पाठ आहे. तिच्या आयुष्याची सनावळी मंत्र्यांवर चालते. एका परिवहन मंत्र्यांनी वाडीच्या रस्त्याचा नारळ फोडला त्या साली माझा जन्म. दुसऱ्यांनी रस्त्याची पाहणी केली तेव्हा माझं लग्न. (पाहणी तळेघरला उभं राहून दुर्बिणीतून केली होती.) तिसरे आले ते गाड्यांचा रंग बदलतो म्हणाले. आई म्हणाली, "रंग कुठला बी द्या, पर गाडी दिसंल तर खरी!" मग बायांना अर्धं तिकीट झालं आणि पंचाहत्तरीच्या पुढे प्रवास फुकट झाला. आईला पंचाहत्तरी उलटून गेली आहे, म्हणजे तिला गाडी पूर्ण फुकट आहे. फक्त गाडी नाही.

आमची मागणी साधी होती, मामा. मुक्कामी गाडी हवी. संध्याकाळी वर यावी, रात्री वाडीत राहावी आणि पहाटे पोरापोरींना घेऊन घोडेगावला कॉलेजात सोडावी. आमची कल्याणी दोन वर्षं अंधारात निघून तळेघरपर्यंत चालत गेली आणि तिथून बदरूभाईंच्या जीपने घोडेगावला. जुन्नरचे बदरुद्दीनभाई तुम्हाला माहीत आहेत. या रस्त्यावर जीप चालवता चालवता त्यांची दाढी पांढरी झाली. माणसं, कोंबड्या, पोती, बाळंतिणी, सगळं त्यांच्या जीपने वाहिलं. कायद्याने ती जीप बेकायदा आहे. कायदेशीर काय आहे, तर न येणारी गाडी.

तर आमचे अर्ज कुणीतरी वाचले आणि मंत्री स्वतः गाडी सुरू करायला येणार असं ठरलं. समितीचे अध्यक्ष बाळासाहेब यांनी माझ्यावर स्वागत कमानीची जबाबदारी टाकली. मी बांबू आणले, कापड आणलं, वर मंत्र्यांचा फोटो लावला आणि वाडीच्या तोंडाशी, जिथं एका बाजूला दरड आणि दुसऱ्या बाजूला ओढा आहे, तिथं कमान उभी केली. गाडी आदल्या संध्याकाळीच वर येऊन शाळेपाशी थांबली होती. कमान आम्ही ती आल्यावर उभारली. सकाळी मंत्र्यांच्या मोटारी कमानीखालून ऐटीत आत आल्या, तेव्हा कमानीची परीक्षा झाली असं आम्ही समजलो. (मोटार आणि बस यांच्या उंचीत फरक असतो हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. त्या वेळी आठवलं नाही, इतकंच.) त्यात बाळासाहेबांनी ऐन वेळी गाडीच्या टपावर दोन कर्णे बांधले.

मंत्र्यांचं भाषण दमदार झालं. ते म्हणाले, जीपमध्ये मेंढरासारखं कोंबून प्रवास करणं हा माणसाचा अपमान आहे. आजपासून या रस्त्यावर एकही बेकायदा जीप दिसणार नाही, खाली तळेघरच्या वळणावर मी भरारी पथक उभं केलं आहे. टाळ्या पडल्या. बदरूभाईंनीही वाजवल्या. त्यांची जीप कमानीच्या पलीकडे कारवीच्या झुडपात दडवलेली होती. मग कल्याणी पुष्पगुच्छ द्यायला गेली आणि तिनं विचारलं, "साहेब, गाडी मुक्कामी राहणार ना?" मंत्री म्हणाले, "बाळा, मुक्कामीच राहील. माझा शब्द आहे."

मंत्र्यांना घाई होती. त्यांचे पीए सारखे घड्याळ बघत होते, कारण संध्याकाळी मुंबईत खातेबदल होणार अशी कुणकुण होती आणि आमच्या वाडीत मोबाईलला रेंज नाही. तरी फोटोसाठी मंत्र्यांनी तळेघरपर्यंत बसनेच जायचं ठरवलं. मोटारी मागून यायच्या होत्या. आई पहिल्या बाकावर मंत्र्यांच्या शेजारी बसली. तिला मंचरला डोळे दाखवायचे होते. मी मागं, बाळासाहेब दारात. झेंडा हलला, कर्णे वाजले, गाडी निघाली आणि माझ्या कमानीत घुसून थांबली. पुढचं दार पलीकडे, मागचं अर्धं अंग अलीकडे. कर्णे बांबूत अडकले होते आणि वरून मंत्र्यांचा फोटो काचेवर उलटा लोंबत होता. गाडी पुढं जाईना, मागं येईना. मागं मोटारींची रांग अडकली.

त्यानंतर वाडीतल्या प्रत्येक माणसाला अक्कल सुचली. कोणी म्हणे बांबू तोडा, कोणी म्हणे माणसं उतरवा. बाळासाहेब म्हणाले, "टायरातली हवा सोडा, गाडी खाली बसंल." ड्रायव्हर नको नको म्हणत असताना चारी बाजूंनी हवा सोडली. गाडी खाली बसली खरी, पण तिच्याबरोबर कमानही बसली, नेमकी टपावर. ड्रायव्हर माझ्याकडे बघून म्हणाला, "आता हवा कशानं भरू? तोंडानं?"

मंत्री पुढच्या दाराने उतरले तेव्हा समोर बदरूभाईंची जीप. पीए त्यांच्या कानात काही बोलले. मंत्र्यांनी इकडेतिकडे पाहिलं, गळ्यातले हार काढून माझ्याकडे दिले आणि गुपचूप जीपमध्ये शिरले. आई त्यांच्या मांडीला मांडी लावून बसली. मीही चढलो, कारण मंत्र्यांना एकटं सोडणं बरं दिसत नाही. आणखी बरीच माणसं चढली, त्यांना तसलं काही कारण लागलं नाही. पीए मागं लोंबकळत होते. एक शेळीही होती, पण तिच्याबद्दल मंत्र्यांनी तक्रार केली नाही.

वाटेत आई त्यांना म्हणाली, "जरा आक्रसून बसा. हितं समदीच माणसं हायेत."

तळेघरच्या वळणावर पथकाने हात केला. तरुण अधिकारी होता, कामाला चोख. त्यानं आत डोकावून विचारलं, "किती माणसं भरलीत?"

"घरचीच हायेत साहेब," बदरूभाई म्हणाले.

"आणि हे?" त्यानं मंत्र्यांकडे बोट केलं. मंत्र्यांनी तोंड रुमालात घातलं होतं.

"हे व्हय? हे पावणं."

आता इथं गप्प बसायचं की नाही? पण तुमची अक्का! ती म्हणाली, "पावणं कसलं! मंत्री हायेत ते. मघाशी त्येच म्हनले न्हाई का, जीपमंदी बसू नका म्हनून!"

अधिकाऱ्याने नीट पाहिलं आणि खाडकन सलाम ठोकला. मंत्री जीपमधून उतरले, सदरा झटकला आणि आवाज चढवून म्हणाले, "शाबास! मी पाहणीच करत होतो. बेकायदा वाहतूक आतून कशी चालते, हे मंत्र्याने स्वतः बघायला हवं." अधिकाऱ्याचा हात कपाळावरच होता. आम्ही सुटलो असं वाटून बदरूभाईंनी जीप पुन्हा चालू केली.

तेवढ्यात सगळ्यांचे मोबाईल वाजले, कारण रेंज त्या वळणापासून सुरू होते. पीए फोनवर दोनदा "हो" म्हणाले आणि त्यांचा चेहरा उतरला. खातेबदल सकाळीच झाला होता. आमचे पाहुणे आता मत्स्यव्यवसाय मंत्री होते. पीए हे हळू आवाजात सांगायला गेले, पण जीपमध्ये हळू काही राहत नाही. अधिकाऱ्याचा हात सावकाश कपाळावरून खाली आला. त्यानं नम्रपणे बदरूभाईंना किल्ली मागितली.

बदरूभाई हात जोडून मंत्र्यांना म्हणाले, "साहेब, तुमालाच तर आनलं म्या. एक शब्द टाका."

मंत्र्यांनी वळणाखालच्या ओढ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "हे बघा, आता हा माझ्या खात्याचा विषय राहिला नाही." आणि पथकाच्याच गाडीत बसून गेले. (कायद्याने वागणारा अधिकारी माणुसकीलाही कमी नव्हता.) आईनं पाठीमागून हाक मारली, "मत्स्य म्हंजी मासं का वो? मंग गाडी नसंल तर न्हाई, मासं तरी धाडा!" बदरूभाई मात्र रस्त्याच्या कडेला दगडावर बसले. मला त्यांच्याकडे बघवेना. मंत्र्यांचे हार अजून माझ्याच हातात होते.

पुढची हकीकत थोडक्यात. जीप जप्त आहे. बस वाडीतच राहिली, म्हणजे मुक्कामी गाडीचा शब्द मंत्र्यांनी पाळला असंच म्हणायला हवं. गाडी मुक्कामी राहिली, पहाटे निघणं तेवढं जमलं नाही. पोरं तिच्यात बसून अभ्यास करत होती. मग खालून पंप घेऊन माणसं आली आणि तिला घेऊन गेली. आता नवे परिवहन मंत्री झेंडा दाखवतील तेव्हा गाडी सुरू झाली असं धरायचं, तोवर ती सुरूच झालेली नाही, असं आम्हाला कळवण्यात आलं. बाळासाहेबांनी नव्या मंत्र्यांच्या अभिनंदनाचा फलक लावलाही आहे.

मामींना व सर्वांना जय भीम.

तुमचा भाचा,
नवनाथ

ता.क. आईनं नाचणीचं पीठ पाठवलं आहे. भाकरी गरम पाण्यात मळा, असा तिचा निरोप आहे. डोळ्यांचं ऑपरेशन पुढे ढकललं. ती म्हणते, बघण्यासारखं काही घडलं की करू.

ता.क. दुसरा. मामा, एवढं लांबण लावलं ते एका कामासाठी, आणि ते लिहायला हात उचलत नव्हता. कल्याणी बारावी चांगली पास झाली. नारायणगावच्या बाजूला नर्सिंगला तिचा नंबर लागला आहे. इथून रोज जाणं होणार नाही, आणि वसतिगृह मला झेपणार नाही. राजुरीहून जायला सोय आहे. आमचे मंत्री आज ना उद्या गाडी देतीलही, पण पोरीचं वर्ष थांबत नाही. शिक्षण होईपर्यंत ती तुमच्याकडे राहिली तर? तुम्ही सावकाश विचार करा, मामींशी बोला. नाही म्हणालात तरी मला राग येणार नाही.

ता.क. तिसरा. वाडीचं टपाल बदरूभाईंच्याच जीपने खाली जायचं, म्हणून हे पत्र कल्याणीच्या हाती दिलं आहे. ती दारात उभी असेल, तिला आधी पाणी द्या. तळेघरपर्यंत चालत आली आहे, पण तसं सांगायची नाही. तिच्या हातातल्या पिशवीत पीठ आहे. पाठीवरच्या पिशवीत तिचे सगळे कपडे आहेत.