बागेतला नळ

विश्रामबाग, सांगली
१४ नोव्हेंबर २०२४

प्रिय लियाकत,

अस्सलामु अलैकुम. इकडे सगळी खैरियत. माझा गुडघा कुरकुरतो, तुझ्या दुल्हाभाईंची साखर वाढली तरी बासुंदी सुटत नाही. यमाईच्या यात्रेसाठी तू बांगड्यांचा माल भरायला घेतला असशील.

फोन सोडून पत्र का, म्हणशील. फोनवर बोललेलं तू भोळेपणानं जावयाच्या कानावर घालतोस, म्हणून. माझा जुना विद्यार्थी कपिल आजच तुमच्या औंधला निघालाय, त्याच्या हाती देते आहे. दुकानात एकटा असशील तेव्हाच वाच.

झोयाचं सांगायचंय. लग्न होऊन लोणंदला गेल्यापासून ती मला फारसी कवितेची मराठी भाषांतरं पाठवते. दानिश तिचा फोन रोज तपासतो, पण कवितेला हरकत घेत नाही. मला आपलं बरं वाटायचं, चला, माझी फारसीची विद्या भाचीनं तरी घेतली.

कविता एकच, लांबत जाणारी. पिंजरा, पाखरू, शिकारी. मी पडले मास्तरीण! लगेच अर्थ लिहून धाडला: पिंजरा म्हणजे देह, शिकारी म्हणजे खुदा, त्याचा जाच हीच त्याची माया. त्यावर तिनं विचारलं, "फुफू, शिकाऱ्याची भीती वाटली तर गुन्हा होतो का?" मी लांबलचक उत्तर दिलं. कसलं मेलं ते शहाणपण, आता वाचवत नाही.

मागच्या आठवड्यात ओळी आल्या:

शिकारी बाहेरून कडी लावून कामावर गेला.
पाखरानं नळाखाली पंख धरला,
सूज उतरली नाही.

मी काय केलं असेल? 'नळ' खोडून 'झरा' घातला. जुन्या फारसी बागेत नळ कुठला, म्हणून तिलाच झापलं. ती एवढंच म्हणाली, "बरं, फुफू." त्यानंतर काही आलं नाही.

परवा मूळ कविता शोधायला बसले. घरातली सगळी पुस्तकं उपसली. अशी कविता कुठंच नाही रे. ती भाषांतर करतच नव्हती.

तेव्हापासून फोन लावते, तो दानिश उचलतो. सकाळी केला तरी ती झोपलेली, संध्याकाळी केला तरी झोपलेली. आवाज मात्र साखरेसारखा गोड.

आता तुझं. रागावलास तरी लिहिणारच. ईदला तू तिला बांगड्या भरत होतास. मनगट दाबलंस तशी पोर कळवळली आणि बाही खाली ओढली. मी तुझ्याकडे बघितलं, तर तू म्हणालास, "बांगडीच लहान हाय, आपा. सासरी सुखात हाय, हात भरलाय." लियाकत, आपण मन्यार. हात हातात आला की तुला माप कळतं. लहान बांगडी तू लेकीच्या हातात घालशील? तुला त्या दिवशीच कळलं होतं. 'लोक काय म्हणतील' म्हणून डोळ्यांवर कातडं ओढून घेतलंस. लेक दिली म्हणजे विकली नाही, बाबा.

उद्या सकाळच्या गाडीनं मी लोणंदला निघते. दार उघडलं नाही तर पोलीस घेऊन येईन. तू ये. बांगड्या नकोत, मिठाई नको. मोटार आण, मागची सीट मोकळी ठेव. पोरीला आडवं झोपवून आणावं लागेल, असं माझं मन म्हणतंय. तेवढ्यावर निभावलं तरी अल्लाची मेहेरबानी.

तू आला नाहीस तरी जाणारी,
फरीदाआपा