पुसलेली उत्तरं

आप्पा, तो सुटला. आज दुपारी निकाल लागला आणि मी कोर्टातून थेट घरी आले, शुक्रवार पेठेतल्या आपल्याच घरी. चपला पायातच ठेवून स्वयंपाकघरात बसलेय. तुम्ही असता तर आधी चपलांवरून सुरू झाला असता. व्हा सुरू. आज मला कुणीतरी रागवायला हवंय, कारण सकाळपासून मी एकटीच सगळ्या जगावर चिडलेय.

तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली. तुमच्या वेळी मोबाइल कोर्टात यायचा तो फार तर सुनावणीत वाजला म्हणून साहेबांनी काढून घेतलेला. आता निम्मा खटलाच त्यात असतो. माणसं धमक्या देतात, रडतात, माफ्या मागतात, सगळं बोटांनी लिहून. आणि हे सांभाळायचं काम ज्यांच्याकडे आहे त्यांना साधा एक विळा धड बांधून ठेवता येत नाही. तुम्हाला येत होतं. तुम्ही कोर्टातले मुद्देमाल कारकून, खून-मारामारीतल्या वस्तू तुमच्या ताब्यात. सुनावणीत उघडलेली वस्तू पुन्हा पांढऱ्या कापडात गुंडाळायची, दाभणानं शिवायची, गाठीवर लाख ओतून शिक्का दाबायचा. मी नऊ वर्षांची असेन, मे महिन्याची सुट्टी. तुमच्या टेबलावर एक विळा पडलाय, त्याच्या मुठीला वाळलेला काळा चिखल. मला वाटतं, आप्पांचं काम हलकं करावं. मी फ्रॉकचं टोक थुंकीनं ओलं करते आणि मूठ पुसायला लागते. तुमची चापट बसते ती अजून आठवते. "पुसलीस? कुणी सांगितलं तुला पुसायला? आगं, तो मळच बोलतोय की हितं!" आणि मग तुम्ही कागद ओढून साहेबांना लेखी दिलंत, की माझ्या मुलीनं मुद्देमालाला हात लावला, चूक माझी आहे. तुम्हाला नोटीस आली. आई आठवडाभर धुसफुसत होती, "एवढं लिहून द्यायला कुणी बघितलं होतं?" तुम्ही जेवता जेवता म्हणालात, "मी बघितलं की."

आता माझ्या खटल्याचं ऐका. मैंदर्गीची एक बाई आहे, सातवी शिकलेली, घरी ज्वारीच्या कडक भाकऱ्या करून विकते. एकुलती एक लेक तिनं मोहोळ रस्त्याला डाळिंबाची बाग असलेल्या घरात दिली. लग्नाला तीन वर्षं होत आली आणि आषाढात ती पोर बागेतल्या शेततळ्यात सापडली. तळ्याच्या प्लास्टिकवरून पाय घसरला, असं नवरा म्हणाला. तिचा फोनही तिच्याबरोबर पाण्यात गेला आणि गाळात गडप झाला, असंही तोच म्हणाला. उरला आईचा फोन. त्यात लेकीचे आठ महिन्यांचे मेसेज होते. मातीनंतर तिसऱ्या दिवशी बाई तो फोन पदरात बांधून पोलीस ठाण्याकडे निघाली आणि जाता जाता, कुणीतरी नाव सांगितलं म्हणून, आधी माझ्याकडे, वकिलाकडे, आली. मी सगळे मेसेज वाचले. लेकीचे आणि तिला आईनं दिलेली उत्तरंसुद्धा.

"आई परत मारलं. हात उचलत नाही." त्याखाली आई: "लई सुजलाय का. हळद लाव. गप बस थोडं." "आई मला न्यायला ये." त्याखाली आई: "पंचमीला नेते. तोवर सोस." असं आठ महिने. पंचमीला माहेरी न्यायची रीत आहे ना आपल्याकडे, तर ती रीत पाळायची म्हणून ही बाई पंचमीची वाट बघत बसली होती, आणि पोर पंचमीच्या सतरा दिवस आधी गेली.

बाईनं दुसऱ्या दिवशी फोन पोलिसांना दिला. पुढचं सांगताना मी दातओठ खातेय. पंचनामा झाला, पण फोनला सील नाही. तो आठ दिवस हवालदाराच्या ड्रॉवरमध्ये, चार्जिंगला लावून. का, तर बंद पडू नये! त्याच्या स्क्रीनचे फोटो काढले आणि कोर्टासमोरच्या झेरॉक्सवाल्याकडून काळेपांढरे छापून आणले, तारखा अर्ध्या कापलेल्या. आता तुमच्या लाखेच्या जागी आकड्या-अक्षरांची एक लांबलचक ओळ असते, आप्पा. फोनमधला मजकूर जसाच्या तसा उतरवून घेताना ती काढतात, आणि पुढं आत एक अक्षर जरी हललं तरी ती ओळ बदलते. तिचं प्रमाणपत्र पुराव्यासोबत जोडायचं असतं. आमच्या तपास अधिकाऱ्यानं ते जोडलं बाईची साक्ष संपल्यावर, तेही फोन कधी हातात न धरलेल्या माणसाच्या सहीनं. वरातीमागून घोडं, आणि तेही लंगडं. मी त्याला कोर्टाच्या व्हरांड्यात गाठून विचारलं तर म्हणाला, "मॅडम, मेसेज तर दिसतेत की डोळ्यानं. अजून काय पायजे?"

हे सगळं कदाचित निभावलंही असतं. पण प्रयोगशाळेचा अहवाल आला. या फोनमधून याच संवादातले दोनशेच्या वर मेसेज काढून टाकलेत, मुलीच्या मृत्यूनंतर चौथ्या दिवशी, आणि ते परत मिळत नाहीत. सगळे एकाच बाजूचे. आईचे. मी बाईला ऑफिसात बोलावलं. ती खुर्चीवर बसलीच नाही, भिंतीला टेकून उभी राहिली. म्हणाली, "माझंच काढलं वो ताई. तिचं एक अक्षर काढलं न्हाय. देवाशप्पत न्हाय. मी लिवलं होतं न्हवं का, गप बस म्हणून. ते लोकांनी वाचावं व्हय? पोर गेली, आन् वर आईच असली, असं म्हणतेत की सगळे."

मी तिच्यावर ओरडले. अहो, तेच तर सगळ्यात पक्कं होतं! मेलेली पोर काय लिहून गेली ते खोटं म्हणता येतं. पण मार बसल्यावर दहा मिनिटांत "हळद लाव" म्हणणारी आई कोण खोटी ठरवणार? तिला ज्याची लाज वाटली तोच पुरावा होता. तिनं फोन स्वच्छ केला, घर सारवावं तसा.

साक्षीच्या दिवशी त्या नवऱ्याच्या वकिलानं झेरॉक्सचा गठ्ठा हातात नाचवला. "आठ महिने लेक रडते आणि आई एक शब्द बोलत नाही? आई मुकी होती काय?" लोक हसले, आप्पा. कोर्टात लोक हसले. मग त्यानं विचारलं, "हे मेसेज तुम्ही डिलीट केले?" बाईनं पदर घट्ट धरला आणि म्हणाली, "न्हाय. मला फोनातलं काय कळतंय?" तिथंच खटला बुडाला. निकालात साहेबांनी लिहिलंय की मजकुरात फेरफार झालाय, साक्षीदार खरं बोलत नाही आणि संशयाचा फायदा आरोपीला देणं भाग आहे. साहेबांवर मला रागवता येत नाही. समोर जे आलं त्यावरून मीही तेच लिहिलं असतं. याचाच जास्त संताप येतो.

आता ते लिहिते, ज्याच्यासाठी बसले. पहिल्या दिवशी, माझ्या ऑफिसात, मेसेज वाचून झाल्यावर बाईनं विचारलं होतं, "हे समदं वाचतेत का वो कोर्टात? माझं लिवलेलं बी?" माझं डोकं फिरलं होतं. ती "सोस, सोस" वाचून मला त्या नवऱ्याइतकाच तिचा राग आला होता. मी म्हणाले, "मोठ्यानं वाचतील. कळू दे सगळ्यांना तुम्ही लेकीला काय शिकवत होता." मला तिला टोचायचं होतं, आणि ते बरोबर बसलं. फोनला हात लावू नका, एक अक्षर पुसू नका, हे मला, तुमच्या मुलीला, सांगायचं सुचलं नाही. ती घरी गेली आणि त्याच रात्री तिनं आपला मळ पुसला. पुसायला मीच पाठवलं म्हणा की.

आणि साक्षीच्या दिवशी मी बाईची वकील म्हणून सरकारी वकिलांच्या मागेच बसले होते, हातात उघडं पेन. एक चिठ्ठी पुढं सरकवली असती, बाईला खरं विचारा म्हणून, तर तिनं रडत सगळं सांगितलं असतं. पण मग फोन पोलिसांच्या आधी कुणाच्या हातात होता आणि मी तिला काय सुनावलं, तेही निघालं असतं. मी पेनाचं टोपण लावलं. कुणी बघितलं होतं?

आज निकालानंतर बाई व्हरांड्यात भेटली. माझ्यासाठी भाकऱ्या आणल्या होत्या, पांढऱ्या फडक्यात बांधून. म्हणाली, "माझ्यामुळंच सुटला वो तो. तुमी किती केलासा माझ्यासाठी." मग विचारलं, वर अपील करता येतं का? मी म्हणाले, बघू.

तुम्ही त्याच दुपारी साहेबांना लेखी दिलं होतं. माझं लेखी हे एवढंच, आणि तेही तुम्हाला. ती स्वतःला दोष देतेय आणि मी देऊ देतेय. भाकऱ्यांचं गाठोडं समोर ओट्यावर आहे, त्याची गाठ मी अजून सोडलेली नाही.